जमीन खारावली, हे प्रारब्ध का?



श्रीतुकोबारायांची पालखी आषाढवारीत उंडवडीहून बारामतीला येते. पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी गावे घेत ती सराटीला नीरेच्या काठी पोहोचते. या वाटेने चालणाऱ्या वारकऱ्याला दोन्ही अंगांना उसाची भिंत दिसते आणि तो मनाशी म्हणतो, काय ही सुबत्ता! परंतु जो रस्ता सोडून थोडे रानाकडे पाहील, त्याला त्या हिरव्या भिंतीच्या मागे ठिकठिकाणी पांढरे पडलेले पट्टे दिसतील. तेथे ऊस नाही, ज्वारी नाही. मिठाची पापडी धरलेली माती आणि तिच्यावर वेडी बाभूळ, एवढेच काय ते आहे. कोणे एके काळी ती या भागातली उत्तमातली उत्तम काळी जमीन होती.

अशा जमिनीचा मालक कीर्तन झाल्यावर बुक्का लावायला येतो, पाया पडतो, आणि हळूच विचारतो, "महाराज, रान पांढरं पडलं. काही केल्या उगवत नाही. हे कोणत्या जन्माचं पाप म्हणायचं?" हा प्रश्न या दोन तालुक्यांत इतक्या जणांच्या तोंडून येतो, की त्याचा विचार एकदा नीट शास्त्राच्या आधाराने झाला पाहिजे. प्रश्न शेतीचा दिसतो, पण तो आहे कर्माचा.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. कर्म तीन प्रकारचे: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. आचार्यांनी यासाठी बाणांचा दृष्टांत दिला आहे. भात्यात आहेत ते बाण संचित, हातात धरलेला बाण क्रियमाण, आणि धनुष्यातून सुटून गेला तो प्रारब्ध. सुटलेला बाण परत घेता येत नाही. म्हणून पूर्वपक्षी म्हणतो, बाबा रे, जमीन खारावली हा सुटलेला बाण आहे. भोगल्यावाचून गती नाही. नाम घे आणि सोस.

हे बोलणे ऐकायला वैराग्याचे वाटते. पण ते खरे आहे का, हे ठरवायचे तर बाण सुटला केव्हा आणि कोणाच्या हातून, हे आधी पाहिले पाहिजे.

हा मुलूख मुळात पर्जन्यछायेतला. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात येथील माणसे व गुरे हवालदिल झाली. त्यानंतर सरकारने नीरा डावा कालवा काढला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी शिवारात खेळू लागले. पुढे १९२८ साली भाटघरचे मोठे धरण झाले आणि पाणी वाढले. ज्या रानात आभाळाकडे पाहून बाजरी टाकायची, तेथे ऊस उभा राहिला. यात वाईट काय झाले? काहीच नाही. तहानलेल्याला पाणी मिळाले, हे पुण्यच म्हटले पाहिजे.

पण पाणी आले आणि निचऱ्याची वाट मात्र केली गेली नाही. काळ्या जमिनीचा स्वभाव असा की ती पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही. वरून पाटाचे पाणी, कालव्याचा पाझर आणि खाली जायला वाट नाही. तेव्हा भूगर्भातले पाणी वर्षानुवर्षे वर चढत गेले. ते पृष्ठभागाजवळ आले म्हणजे काय होते, हे समजायला देव्हाऱ्यातली समई पाहावी. तेल खाली असते, पण वात ते वर ओढते. वर तेल जळते आणि टोकाला काजळी धरते. काळी माती हीच वात. खालचे पाणी ती वर ओढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार तेवढे माथ्यावर राहतात. वात जळत राहिली तर काजळी वाढत राहते, तसे मीठ साचत राहते. मग रानाला वाफसा येत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि पाणी समोर असूनही रोप तहानेने मरते. कारण खारट पाणी मुळाला पिता येत नाही.

हे आज कळले असे नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि श्री. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवर १९१० सालीच सरकारी पुस्तिका लिहिली. पाणी आल्याला तेव्हा पुरती पंचवीस वर्षे झाली होती. म्हणजे ज्याने पहिल्या पाण्याची पूजा केली, त्याच्याच हयातीत जमीन पांढरी पडू लागली होती. मग यात पूर्वजन्म कोठे आला? बाण सुटला तो याच जन्मात, याच हातांनी. आणि आजही दर पाळीला तो सुटतोच आहे. जे रोज नव्याने केले जाते त्याला शास्त्र प्रारब्ध म्हणत नाही. त्याचे नाव क्रियमाण. आणि क्रियमाणावर माणसाचा अधिकार आहे.

आता खरा बिकट भाग पुढेच आहे. पाणी कोणी जास्त दिले आणि जमीन कोणाची खारावली? बहुधा ही दोन माणसे वेगळी असतात. वरच्या अंगाचा शेतकरी रात्रभर दारे धरतो. त्याच्या सरीतून मुरलेले पाणी बांध विचारीत नाही, ते उताराने खालच्या रानात जाते आणि तेथे वर येते. ऊस वरच्याचा, मीठ खालच्याचे. आमच्या न्यायशास्त्रात दोन दोष सांगितले आहेत: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेल्याचे फळ न मिळणे हा पहिला, न केलेल्याचे फळ पदरी पडणे हा दुसरा. हे दोन्ही दोष या एका बांधाच्या दोन बाजूंना उभे दिसतात.

यावर कोणी पंडित म्हणेल, हे दोष टाळण्यासाठीच तर शास्त्राने जन्मांतर मानले. खालच्याने पूर्वजन्मी काही केले असेल म्हणून त्याला हे भोगावे लागते. मी म्हणतो, जन्मांतर मान्य. पण चोराने ज्याचे घर फोडले त्यालाच सांगावे की बाबा, हे तुझे प्रारब्ध, तर तो चोर वेदांती ठरतो काय? खालच्याचा हिशेब खालच्याचा आणि पांडुरंगाचा. वरच्याने आपल्या हातातले फावडे पाहावे. कर्मसिद्धांत ऋषींनी दिला तो स्वतःचा हात तपासण्यासाठी. शेजाऱ्याची जन्मपत्रिका वाचण्यासाठी नव्हे. आणि जो कीर्तनकार व्यासपीठावरून खालच्या शेतकऱ्याला "तुझे प्रारब्ध" म्हणून गप्प करतो, तो शास्त्राच्या तोंडून वरच्याची वकिली करतो.

तथापि वरच्याचाही न्याय व्हावा. तो म्हणतो, "मी पाणीपट्टी भरलीय. पाणी माझं." आणि दुसरे म्हणतो, "पुढची पाळी कधी येईल ह्याचा भरवसा नाही. मिळतंय तेव्हा भरून घेतो." पहिल्या बोलण्यात अहंकार आहे, दुसऱ्यात भीती. भीती खरी आहे. कालव्याची पाळी लांबली की उभा ऊस डोळ्यांदेखत करपतो, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. पण पाणीपट्टी ही पाण्याची किंमत झाली, शेजाऱ्याच्या रानाची नव्हे. आणि भीतीपोटी केलेले कर्मही कर्मच असते. शिवाय जो खंडाने रान घेतो, दोन-तीन वर्षे पाणी तोडून ऊस काढतो आणि दुसरीकडे जातो, त्याला तर भीतीचेही कारण नाही. त्याने मालकाला खंड दिला, पण भूमीला काय दिले?

तेव्हा प्रायश्चित्ताचा विचार करू. शास्त्रात प्रायश्चित्ताचा क्रम ठरलेला आहे. आधी पापकर्म थांबवणे, मग अनुताप, मग क्षतिपूर्ती. चूक चालू ठेवून तीर्थस्नान केले तर ते हत्तीचे स्नान. बाहेर येऊन पुन्हा धूळ अंगावर. जमिनीचेही हेच.

थांबवायचे काय? तोडून पाणी देणे. जितके मुळाला लागते तितकेच द्यावे. ठिबक करणे शक्य आहे त्याने ते करावे, नाही त्याने सरी आखूड करावी, एक सरी सोडून पाणी द्यावे. वात विझवायची तर तेल कमी केलेच पाहिजे.

अनुताप म्हणजे काय, तर आपल्या जमिनीला झाले आहे तरी काय हे डोळे उघडून पाहणे. येथे पुष्कळ जण फसतात. मातीची तपासणी न करताच कोणीतरी सांगितले म्हणून जिप्समची पोती आणून टाकतात. खारवट जमीन वेगळी आणि चोपण जमीन वेगळी. खारवटीवर पांढरी पापडी दिसते, वरची माती भुसभुशीत लागते. तिला हवा निचरा आणि मग गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे. चोपण जमीन उन्हात विटेसारखी टणक, पावसात साबणासारखी निसरडी. पाणी टाकले तर वरच उभे राहते. तिच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधला चुन्याचा अंश त्या सोडियमला जागेवरून हुसकतो. पण हुसकलेला सोडियम जाणार कोठे? चर नसेल तर तो तेथेच घोटाळतो आणि पोत्यांचे पैसे पाण्यात जातात. घराची दारे बंद ठेवून केर काढण्यासारखे ते आहे. २०१५ सालापासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देते. ती पत्रिका ज्या निष्ठेने आपण मुलीची पत्रिका पाहतो त्याच्या निम्म्या निष्ठेने जरी पाहिली, तरी पुष्कळ खर्च वाचेल.

आता क्षतिपूर्ती. तिचे मुख्य साधन चर; उघडा किंवा जमिनीखाली तीन-चार फुटांवर घातलेल्या सच्छिद्र नळ्यांचा. पण चर ही एकट्याने करण्याची गोष्ट नव्हे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. माझ्या रानातला चर ओढ्याला मिळायचा तर तो शेजाऱ्याच्या बांधातून, कधी तीन-चार शेजाऱ्यांच्या रानातून गेला पाहिजे. एकजण जरी म्हणाला, "माझ्या रानातून नाही," की वरचे सगळे अडले. बांधावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षे कोर्टात भांडतात असा हा मुलूख. तेथे चराला वाट द्यायची म्हणजे काळीज द्यावे लागते. मीठ जसे एकाच्या कर्माने आले नाही, तसे ते एकाच्या पुण्याने जाणारही नाही. बेलवाडीचे रिंगण आपण पाहतो. अश्व धावायचा तर हजारो माणसांनी मधली वाट मोकळी ठेवावी लागते. एकजण आडवा आला तर रिंगण मोडते. बेलवाडीत जो हात जोडून मागे सरतो, त्याने घरी आल्यावर चरासाठी हातभर जमीन सोडताना पुढे का सरावे?

निचरा झाला म्हणजे भूमीची भूक भागवायची. ढैंचा किंवा ताग पेरून फुलावर आला की, साधारण दीड महिन्याने, रानात गाडावा. ढैंचा खारटपणा बराच सोसतो आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. उसाचे पाचट पेटवू नये. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. काडी लावली की त्यातला सेंद्रिय अंश आणि बहुतेक नत्र एका रात्रीत धूर होऊन जातो. भूमीने दीड वर्ष राबून जे अन्न तयार केले, त्यातला रस आपण नेला. उरलेला तिचा घास तरी तिच्या तोंडातून काढून जाळू नये. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञाचे जे चक्र सांगितले, ते हेच. घेतलेले फिरून द्यायचे. आणि जो न देता एकटाच भोगतो त्याला तेथे चोर म्हटले आहे. होमात तूप ओतणारे आम्ही, शेतात पाचटाची आहुती द्यायला मात्र काडी ओढतो!

येथे काटेवाडीची आठवण होते. पालखी काटेवाडीला आली की परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर बांधव पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. डोळ्यांचे पारणे फिटते. पण याच मेंढ्या एकेकाळी गावोगावच्या रानात रात्री बसवल्या जात. शेतकरी धनगराला धान्य देई, पैसे देई, आणि कळप आपल्या रानात बसावा म्हणून आधी सांगून ठेवी. लेंडी आणि मूत रानाच्या अंगी लागे. आता बारमाही उसाने मेंढराला उभे राहायला रान उरले नाही. कळप दिसला की आपण बांधावरून दगड भिरकावतो. वर्षातून एक दिवस ज्या मेंढीला पालखीभोवती फिरताना पाहून आपण हात जोडतो, तिला बाकीच्या दिवशी हाकलतो. हा कसला भक्तिभाव? उसाचा खोडवा निघाल्यावर रान मोकळे होते तेवढ्या अवधीत चार रात्री कळप बसवा. धनगराचेही पोट भरेल, भूमीचेही.

सगळीकडे एकच औषध नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही तालुक्यांत माळाची, मुरमाड, वीतभर मातीची जमीनही पुष्कळ आहे. तिला तलावातला गाळ लाभतो. राज्य सरकारने २०१७ पासून गाळ काढून शिवारात नेण्याची योजनाही चालवली. पण तोच चिकण गाळ निचरा नसलेल्या चोपण जमिनीत टाकाल तर छातीवर दगड ठेवल्यासारखे होईल. माळेगाव खुर्दला २००९ साली अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था निघाली, ती अशाच खडकाळ माळावर. तेथे यंत्रांनी खडक फोडून रान तयार करावे लागले. ते पाहिले म्हणजे कळते, वीतभर माती घडवायला निसर्गाला किती शतके लागली असतील. ती आपल्याला घडीभरात मिळाली आहे. ती बिघडवायचा अधिकार कोणी दिला?

आता भक्तांचा एक आक्षेप. "महाराज, माती ती माती. परमार्थात तिचे एवढे काय? नाम घ्यावे." त्यांनी भीमेच्या पलीकडे अरणला जावे. तेथे सावतोबांची समाधी आहे. त्यांनी मळा सोडला नाही, आणि परंपरा सांगते की देवच त्यांच्या मळ्यात गेला. ज्या मळ्यात देवाला यावेसे वाटले, तो मीठ धरलेला, धुरकटलेला मळा असेल काय? नाम घ्यावेच, पण नाम घेणाऱ्या मुखाला अन्न कोठून येते त्याची जाण नसेल तर ते नाम ओठांवरचेच राहते.

आपण महिन्याला दोन एकादश्या करतो. भूमीला एकही देत नाही. आडसाली ऊस, मग खोडवा, मग पुन्हा ऊस. तिलाही एखादा हंगाम उपवास हवा. मात्र उपवास म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. पाणी वर आलेले रान नुसते उघडे पडीक ठेवले तर मीठ अधिकच वर येते. त्यावर ढैंचा, ताग असे आच्छादन राहू द्यावे, आणि जमीन सुधारली की हरभऱ्यासारखे द्विदल घ्यावे. हीच भूमीची एकादशी.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो गरिबाचा आहे. "महाराज, एक हंगाम ऊस नाही लावला तर सोसायटीचं कर्ज कशानं फेडू? पोरीची फी कशानं भरू?" याला उडवाउडवीचे उत्तर देणे पाप होईल. शास्त्र अशक्ताला अशक्य गोष्ट सांगत नाही. प्रायश्चित्तातही शक्ती पाहून व्रत सांगतात. ज्याचे दोन एकर त्याने वर्षाला चार-पाच गुंठे सुधारावे, बाकीच्यात पोट भरावे. पण हे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणे हा न्याय नव्हे. ज्या वरच्या रानाने आजवर पाण्याचे फळ खाल्ले, त्याने चराच्या खर्चात पहिला हात घालावा. ज्या कारखान्यांच्या चरकात या भूमीचा रस गेला, त्यांनीही आपला वाटा ओळखावा. दिंडीत दमलेल्याची पडशी दुसरा खांद्यावर घेतो, तेव्हा तो उपकार केला असे म्हणत नाही. येथेही तसेच व्हावे.

आणि एक गोष्ट शेवटी वारकऱ्यांच्या कानावर घालतो, कारण ती आपल्या वर्मी लागणारी आहे. आपल्या रानातून धुऊन काढलेले मीठ जाते कोठे? चरातून ओढ्याला, ओढ्यातून नीरेला. सराटीला ज्या नीरेत तुकोबांच्या पादुकांना स्नान घडते, तीच ही नीरा. ती पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा पंढरीला जाऊन चंद्रभागा होते. म्हणजे आपण जे रानातून काढले ते आपल्याच स्नानाच्या पाण्यात येते. म्हणून नुसता चर काढून सुटका नाही. मुळात पाणी बेताचे द्यावे, खत बेताचे टाकावे, म्हणजे काढून टाकायला फार उरणारच नाही. इंदापूरकराचा खालचा शेजारी म्हणजे शेवटी पंढरपूर.

तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे आपण परंपरेने ऐकतो. ती लोकांकडून येणे असलेली खते होती. ती बुडवण्याचा अधिकार सावकाराला होता. भूमीचे आपल्यावर जे देणे आहे त्याचे खत तिच्या हाती आहे, आपल्या नव्हे. ते बुडवता येत नाही, फेडावेच लागते. यंदा पांडुरंगाचे दर्शन घेऊन घरी परतल्यावर पहिल्या दिवशी खालच्या रानाच्या शेजाऱ्याकडे जावे, त्याला विचारावे, "आण्णा, तुझ्या रानाला माझं पाणी त्रास देतंय का?" एवढे विचारले तरी प्रायश्चित्ताचा आरंभ झाला. पुढचे बळ पांडुरंग देईल.

रामकृष्णहरी.